आठ फोडी आंबा आणि नल हायपोथेसिस : पुण्यातल्या चार रविवारच्या स्टॅट्स क्लासचा अनुभव

मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याआधी सहा वर्षं वॉर्डात ड्युटी केलीये. आमच्याकडे थिसिस म्हटलं की डेटा गोळा करायला कोणी घाबरत नाही, उन्हातान्हात गावोगाव फिरून साठ साठ बायकांची प्रश्नावली भरून आणतात पोरी, पण डेटा हातात आला की सगळ्यांचे चेहरे उतरतात कारण पुढचा चॅप्टर स्टॅटिस्टिक्सचा असतो. मग काय होतं तर एक्सेल शीट कुणातरी स्टॅटिस्टिशियनला मेल करायची, पैसे द्यायचे, चार दिवसांनी टेबल्स येतात, प्रत्येक टेबलाखाली लिहिलेलं असतं पी लेस दॅन ०.०५, हेन्स नल हायपोथेसिस इज रिजेक्टेड. ते जसंच्या तसं पेस्ट करायचं आणि व्हायव्हाला कुणी विचारू नये अशी प्रार्थना करायची.

मला हे नको होतं. मी ज्या बायकांच्या घरी बसून माहिती घेणार त्या माहितीचं पुढे काय केलं हे मला स्वतःला कळायला हवं असं वाटत होतं. म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून एप्रिल-मेमध्ये हा क्लास केला. हायपोथेसिस टेस्टिंगची ओळख, चार रविवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, फी १८०० रुपये. क्लासचं नाव इथे लिहीत नाहीये कारण सरांनीच तसं सांगितलंय, ते एका बॅचला २४ च्या वर मुलं घेत नाहीत आणि आधीच वेटिंग आहे. पण कुठल्याही क्लासला जायच्या आधी काय बघायचं हे यातून कळेल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी मी वही, कॅल्क्युलेटर, लाल निळं पेन सगळं घेऊन पहिल्या बाकावर. सर आले ते हातात आंब्याची पिशवी घेऊन. फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. विचारलं, तुमच्यापैकी कोण म्हणतं की मी नुसत्या चवीवरून देवगड हापूस ओळखतो? मागून एक मुलगा उभा राहिला, बी.एस्सी.चा, मूळ देवगडकडचाच, म्हणाला सर डोळे बांधा, कर्नाटकचा हापूस आणि आमचा हापूस मी झोपेतही सांगेन. आता पुण्यात दरवर्षी हा वाद प्रत्येक घरात होतोच, पेटीवर देवगड लिहिलेलं असतं आणि आत काय आहे देव जाणे, त्यामुळे वर्गात लगेच दोन पार्ट्या पडल्या.

सर म्हणाले ठीक आहे, बघूया. आठ फोडी, चार देवगडच्या, चार कर्नाटकच्या. हे मुलाला आधीच सांगितलं की चार-चार आहेत. आणि मग जवळजवळ पाऊण तास आम्ही एकही फोड न खाता फक्त हे ठरवत होतो की टेस्ट घ्यायची कशी. मला हा पाऊण तास सगळ्यात जास्त आवडला. फोडी सोललेल्या आणि एकसारख्या आकाराच्या हव्यात. रंगावरून ओळखू नये म्हणून डोळे बांधायचे. कोणती वाटी कधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आपल्या मनाने नाही, कारण आपण मनाने ठरवलं की एक इकडची एक तिकडची अशीच देतो. वाटी देणाऱ्यालाही माहीत नको आत काय आहे, नाहीतर चेहऱ्यावरून नाही तरी आवाजावरून कळतं (हे डबल ब्लाइंड, मी औषधांच्या ट्रायलमध्ये शंभर वेळा वाचलं होतं पण का करतात ते त्या दिवशी समजलं). मध्ये पाण्याने चूळ भरायची. एक फार्मसीची मुलगी म्हणाली की सर चारही फोडी एकाच आंब्याच्या असतील तर तो देवगड ओळखत नाहीये, तो तो एक आंबा ओळखतोय. सर इतके खूश झाले. त्यांनी आठ वेगवेगळे आंबे आणले होते पण ते मुद्दाम बोलले नव्हते, कोणीतरी विचारेल याची वाट बघत होते. आणखी एकाने विचारलं की देवगडचे जास्त पिकलेले असतील तर? म्हणजे मग तो पिकलेपण ओळखेल. त्यावर बराच वेळ आंबे दाबून बघण्यात गेला.

मग टेस्ट झाली. मुलाने चार फोडी देवगडच्या म्हणून बाजूला काढल्या, त्यातल्या तीन खरंच देवगडच्या होत्या, एक चुकली. म्हणजे आठपैकी सहा वाट्या बरोबर. टाळ्या पडल्या. सर म्हणाले थांबा, टाळ्या नंतर. आता समजा याला काहीही ओळखता येत नाही, जिभेला काही कळत नाही, नुसता अंदाजाने चार वाट्या उचलतोय. तर किती प्रकारे उचलू शकतो?

आठातून चार, ७० प्रकारे. त्यातला सगळ्या चार बरोबर येण्याचा प्रकार एकच. तीन बरोबर एक चूक येण्याचे १६, म्हणजे चारातून तीन बरोबर निवडायचे आणि उरलेल्या चारातून एक चुकीचा, चार गुणिले चार. म्हणजे नुसत्या अंदाजाने निदान इतकं बरोबर येण्याची शक्यता १७ भागिले ७०, साधारण २४ टक्के. जवळजवळ दर चौथा माणूस, ज्याने जन्मात देवगडचा आंबा खाल्लेला नाही असासुद्धा, हे करून दाखवू शकतो! वर्ग एकदम शांत. आणि चारही बरोबर आले असते तर? ७० पैकी १, दीड टक्क्याच्या आत. तेव्हा म्हणता आलं असतं की नुसता अंदाज असेल तर हे फारच विरळा आहे, म्हणून नुसता अंदाज आहे हे मानायला आम्ही तयार नाही.

तोपर्यंत फळ्यावर नल हायपोथेसिस हा शब्द आला नव्हता. आता आला. याला काही ओळखता येत नाही हे नल. हे २४ टक्के म्हणजे पी व्हॅल्यू. नल खरं मानलं तर जे दिसलं ते, किंवा त्याहून जास्त टोकाचं, दिसण्याची शक्यता. बी.एस्सी.ला मी ही व्याख्या पाठ केली होती, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते, आणि ती मला समजली त्या रविवारी दुपारी साडेबाराला. "किंवा त्याहून जास्त टोकाचं" हे शेपूट का लावतात ते सोळात एक मिळवताना कळलं.

नंतर सरांनी सांगितलं की हा प्रयोग मुळात चहाचा. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड म्हणून शेतीचं संशोधन केंद्र आहे, तिथे १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर हे स्टॅटिस्टिशियन काम करायचे, आणि त्यांच्याबरोबरच्या म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालांच्या अभ्यासक बाई म्हणायच्या की कपात दूध आधी घातलंय की चहा आधी हे मला चवीवरून कळतं. आठ कप, चार असे चार तसे, तेच ७० प्रकार. फिशरनी १९३५ च्या त्यांच्या पुस्तकात हे उदाहरण घेतलं. आपल्याकडे चहा दुधासकट उकळतो, मग आधी दूध की आधी चहा हा प्रश्नच येत नाही, म्हणून सर सीझनला आंबा वापरतात. मला हे फार पटलं. आम्हाला शिकवताना पुस्तकातला इंग्लंडचा कप तसाच्या तसा समोर ठेवतात आणि अर्धी मुलं तिथेच अडकतात.

तो देवगडचा मुलगा मात्र नाराज होता. म्हणाला सर मला ओळखता येतं, तुम्ही सिद्ध केलं की येत नाही. आणि सरांनी त्याला जे उत्तर दिलं त्यासाठी माझे सगळे १८०० रुपये वसूल झाले. ते म्हणाले, "अरे, मी काहीही सिद्ध केलेलं नाही. तुला येत नाही असं मी म्हणालो का? मी एवढंच म्हणतोय की आजच्या आठ फोडींवरून मला सांगता येत नाही." मग त्यांनी दाखवलं की समजा फोडी दहा, प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवायचं कुठली द्यायची, तर अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता १ टक्का, पण आठ धरले तर ती ५ टक्क्यांच्या, म्हणजे नेहमीच्या ०.०५ च्या रेघेच्या, थोडी वर जाते, म्हणून निदान नऊ आले तरच नल सोडायचं असं आधी ठरवू. आता समजा हा मुलगा खरंच चांगला आहे, दहातले आठ वेळा बरोबर ओळखतो. तर असा माणूस आपल्या टेस्टमध्ये पास कितीदा होईल? उत्तर आलं ३८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरोखर ओळखणारा माणूसही शंभरातले बासष्ट वेळा आपल्या टेस्टमध्ये नापास. टेस्ट छोटी आहे, माणूस खोटा नाही. वीस फोडी केल्या आणि पंधराची अट ठेवली तर तोच माणूस ८० टक्के वेळा पास होतो. याला पॉवर म्हणतात. आमच्याकडे सॅम्पल साइज कसा ठरवला विचारलं की "मागच्या बॅचने साठ घेतले होते म्हणून" हे उत्तर असतं, त्यामागे हा प्रश्न असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी चुकांचे दोन प्रकार. बहुतेक ठिकाणी इथे कोर्टाचं उदाहरण देतात, निर्दोषाला शिक्षा आणि गुन्हेगार सुटला, सरांनीही दिलं, ते ठीकच आहे. पण मग त्यांनी आम्हाला आपापल्या कामातलं उदाहरण आणायला लावलं आणि मी मॉनिटरच्या अलार्मचं सांगितलं. आयसीयूत बोटाचा प्रोब सरकला तरी सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) अलार्म वाजतो, पेशंट मस्त झोपलेला असतो, ही पहिली चूक, काही नसताना आहे म्हणणं. आणि लिमिट इतकी खाली ठेवली की पेशंट खरंच घसरतोय तरी मशीन गप्प, ही दुसरी चूक, असताना नाही म्हणणं. लिमिट वर केली की पहिली वाढते खाली केली की दुसरी वाढते, दोन्ही एकदम कमी करायच्या तर चांगला प्रोब पाहिजे, म्हणजे चांगलं मोजमाप आणि जास्त डेटा. सरांनी ते फळ्यावर घेतलं आणि पुढचे दोन्ही रविवार तेच वापरलं, मला खूप बरं वाटलं. ०.०५ ही काही देवाने दिलेली रेघ नाही, ती अलार्मची लिमिट आहे आणि कुठल्या वॉर्डात किती ठेवायची हे कुठली चूक जास्त महागात पडते त्यावर ठरतं, हे मी आता कोणालाही समजावू शकते.

याच दिवशी एक गोष्ट कळली जी मला माहीत असायला हवी होती कारण माझं माहेर साताऱ्याचं. ही दोन चुकांची आणि पॉवरची मांडणी येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या दोन स्टॅटिस्टिशियनची, १९३३ ची. आणि त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये या दोघांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. पुढे त्यांनी भारतात पिकाचं उत्पन्न नमुना पद्धतीने मोजायची शास्त्रीय पद्धत बसवली, मग एफएओमध्ये (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) गेले, कुपोषणावर काम केलं. आम्ही कम्युनिटी हेल्थमध्ये पोषण शिकतो तेव्हा हे नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि नाण्यांचा खेळ. २४ जणांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवायचं. एका मुलीला नऊ छापे आले. सगळे ओरडायला लागले की हिच्या हातात काहीतरी आहे. एकट्या माणसाला असं टोकाचं येणं, म्हणजे नऊ-दहा छापे किंवा नऊ-दहा काटे, साधारण २ टक्के. पण चोवीस जणांत निदान एकाला तरी येण्याची शक्यता? ४० टक्के. म्हणजे तिच्या हातात काही नव्हतं, आम्ही चोवीस जण होतो एवढंच. हे लक्षात ठेवा, पुढे परत येतं.

तिसरा रविवार टी टेस्टचा. ५० ग्रॅम लिहिलेली शेंगदाणा चिक्कीची दहा पाकिटं, नावावर पट्टी चिकटवलेली, आणि सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा. प्रत्येकाने येऊन वजन करायचं. सरासरी आली ४९.५ ग्रॅम. लगेच एकजण म्हणाला फसवतात. सर म्हणाले दहा पाकिटांची सरासरी तशीही थोडी इकडेतिकडे हलणारच, दुसरी दहा घेतली तर वेगळी येईल, तर प्रश्न असा की अर्धा ग्रॅम हा त्या नेहमीच्या हलण्यापेक्षा जास्त आहे का. मग स्टँडर्ड डेव्हिएशन (एकेक पाकीट सरासरीपासून साधारण किती लांब पडतं ते) काढलं ०.५९, त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं, ०.१९ च्या आसपास, हे सरासरीचं हलणं. अर्धा ग्रॅम म्हणजे त्याच्या २.६८ पट. बस, हीच टी व्हॅल्यू. मला इतकी वर्षं वाटत होतं की टी म्हणजे काहीतरी गूढ फॉर्म्युला आहे, आणि तो फक्त एवढा प्रश्न आहे की फरक हलण्याच्या किती पट आहे.

टेबलात ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (दहा पाकिटं वजा एक) ५ टक्क्यांसाठी २.२६, आमचं त्याच्या पुढे. १ टक्क्यासाठी ३.२५, आमचं अलीकडे. मग कोणीतरी म्हणालं की सर दुकानदार कमीच देणार जास्त कशाला देईल, एकाच बाजूची टेस्ट करा, मग लिमिट १.८३ वर येते. सरांनी विचारलं हे तुला वजन करायच्या आधी सुचलं होतं का आकडा बघितल्यावर? आकडा बघितल्यावर बाजू निवडायची नाही. हे त्यांनी जरा कडक आवाजात सांगितलं, एरवी ते आवाज चढवत नाहीत. शेवटी ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी ज्यात असावी असा पट्टा) काढला, ४९.१ ते ४९.९. म्हणजे सरासरी ५० च्या खाली आहे म्हणायला आधार आहे, पण किती खाली, तर एक ग्रॅमच्या आत, आणि चिक्कीत अर्ध्या ग्रॅमने कोणाचं काही बिघडत नाही. सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचा असं समजू नका, सिग्निफिकंट म्हणजे नुसत्या योगायोगाने सहज न येणारा, महत्त्वाचा आहे की नाही ते तुमच्या विषयाला विचारा. चिक्की वर्गात वाटली.

ही टी टेस्ट काढणारा माणूस विल्यम गॉसेट, डब्लिनच्या गिनेस दारू कारखान्यात कामाला होता, बार्लीचे वगैरे छोटे छोटे नमुने तपासायला लागायचे, आणि १९०८ मध्ये त्याने स्टुडंट या टोपणनावाने पेपर छापला कारण कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. म्हणून स्टुडंट्स टी. मी आजवर समजत होते की विद्यार्थ्यांसाठी सोपी केलेली टेस्ट म्हणून ते नाव असेल.

आता माझ्या थिसिसचं. तिसऱ्या रविवारी क्लास संपल्यावर मी सरांना माझी सिनॉप्सिस दाखवली. साठ माता, स्तनपानाविषयीचं ज्ञान, प्री टेस्ट, मग नियोजित शिक्षण कार्यक्रम, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पोस्ट टेस्ट, पेअर्ड टी (त्याच बायकांच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांतल्या फरकाची टी टेस्ट). आमच्यात दहातल्या आठ थिसिस अशाच असतात, विषय बदलतो फक्त. सरांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, ताई, तुमचं नल काय आहे? मी म्हणाले शिकवण्याआधी आणि नंतर गुणांत फरक नाही. ते म्हणाले, हे खरं असेल असं जगात कोणाला वाटतं? तुम्ही त्यांना तासभर उत्तरं सांगणार आणि आठवड्याने तेच प्रश्न विचारणार. गुण वाढणारच. काहीच शिकवलं नाहीत तरी थोडे वाढतील, कारण पहिल्या वेळी न आलेलं उत्तर त्या बायका घरी जाऊन कुणाला तरी विचारतील. हे नल म्हणजे शेतातलं बुजगावणं आहे, ते पाडलं म्हणून कोणी पैलवान होत नाही.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते तिथे थांबले नाहीत, अर्धा तास बसले माझ्याबरोबर, स्वतःचं जेवण राहिलेलं असताना. विचारलं तुम्हाला खरंच काय जाणून घ्यायचंय? मी म्हणाले की वॉर्डात आम्ही छापील पत्रक देतो, ते कोणी वाचत नाही, मला बघायचंय की शेजारी बसून दाखवलं तर पत्रकापेक्षा फरक पडतो का. ते म्हणाले मग हाच तुमचा प्रश्न आहे, आणि तो चांगला आहे. तीस मातांना पत्रक, तीस जणींना शेजारी बसून, कोण कुठे हे चिठ्ठीने, आणि दोन गटांमधल्या वाढीची तुलना. आता नल खरं असू शकतं, म्हणजे कदाचित काहीच फरक पडणार नाही, आणि तेही कळलं तर उपयोगाचंच आहे, फक्त आंबा विसरू नका, तीस-तीसमध्ये लहान फरक सुटू शकतो.

मी हे गाईड मॅडमना सांगायला घाबरत होते, त्यांनी दोन दिवस मागितले आणि हो म्हणाल्या. एथिक्स कमिटीला सुधारित प्रस्ताव परत द्यावा लागला, महिना गेला. चालेल.

आता तक्रारी, कारण आहेत. चौथा रविवार गडबडीत गेला. त्या दिवशी देवगडचा मुलगा घरून आंबे घेऊन आला, सरांनी मार्केट यार्डातून कर्नाटकचे आणले, आणि वीस फोडींची टेस्ट झाली. अट आधीच फळ्यावर, पंधरा किंवा जास्त. मुलाने सोळा बरोबर सांगितल्या. नुसत्या अंदाजाने सोळा किंवा जास्त येणं म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. तो ज्या पद्धतीने खुर्चीवरून उठला ते बघायला मजा आली, आणि उरलेले आंबे सगळ्यांनी खाल्ले. पण यात दीड तास गेला आणि काय स्क्वेअरला (दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे का हे संख्यांच्या टेबलावरून बघायची टेस्ट) राहिला पाऊण तास. नर्सिंग, सायकॉलॉजी, सोशल वर्क, आमच्या सगळ्यांच्या थिसिसमध्ये काय स्क्वेअर असतोच, वयाशी संबंध, शिक्षणाशी संबंध, कुटुंबाच्या प्रकाराशी संबंध, असे दहा दहा टेबल. सरांनी एका वाक्यात सांगितलं की असे दहा टेस्ट केले आणि कशाचाच कशाशी संबंध नसला तरी निदान एक सिग्निफिकंट निघायची शक्यता ४० टक्के, तीच नऊ छाप्यांवाली मुलगी. हे वाक्य नव्हतं, हा अख्खा तास होता! मी आजूबाजूला बघितलं तर अर्ध्या जणांनी ते लिहूनही घेतलं नाही. तसंच टेबलातल्या खणांमध्ये अपेक्षित संख्या (संबंध नसता तर किती आले असते ती) पाचच्या खाली गेली तर फिशर्स एक्झॅक्ट वापरा म्हणाले, आणि जाता जाता म्हणाले की ते आपलं आंब्याचं ७० वालंच गणित आहे. मला ते घरी येऊन कळलं, वहीत चार खण मांडून बघितल्यावर. वर्गात दाखवलं असतं तर पहिला आणि शेवटचा रविवार एकमेकांना जोडला गेला असता. मी सरांना हे सांगितलंय, पुढच्या बॅचला पाचवा रविवार करायचा विचार आहे म्हणाले.

दुसरं, नोट्स सगळ्या इंग्रजीत. शिकवतात छान मराठीत आणि हातात देतात ते झेरॉक्स इंग्रजी, आणि ज्याला मराठीत नीट कळलेलं असतं तो परत गोंधळतो. परिकल्पना, सार्थकता पातळी असले शब्द नकोत हवं तर, नल आणि पी व्हॅल्यूच म्हणा, पण वाक्यं मराठीत लिहा ना. विशेषतः पी व्हॅल्यू म्हणजे काय नाही हे पान. पी व्हॅल्यू म्हणजे नल खरं असण्याची शक्यता नव्हे, हे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं इतके लोक चुकतात, तर ते आम्हाला आमच्या भाषेत मिळायला हवं.

तिसरं, आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, चांगलं आहे, सरांनी लॅपटॉपवर दहा हजार वेळा फोडींचा खेळ खेळून दाखवला आणि जो २४ टक्के आम्ही हाताने काढला तोच समोर आला, ते बघून अंगावर काटा आला. पण ते फक्त त्यांच्या स्क्रीनवर. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही अशी आम्ही निम्मी मुलं होतो. आणि थिसिसला शेवटी सॉफ्टवेअर लागतंच, तर एक तास तरी हातात द्यायला हवा होता.

जागा पेठेत आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही, बसने गेलेलं बरं. पंखे दोन, मे महिन्यात त्रास होतो, पाण्याची बाटली न्या. बाक शाळेचे आहेत, चार तास बसून पाठ धरते. सरांच्या मिसेस मध्ये चहा देतात, तो फीमध्येच.

कोणी जावं : ज्यांनी फॉर्म्युले पाठ केलेत पण आपण काय करतोय ते कळत नाही त्यांनी नक्की. बी.एस्सी.ची मुलं, नर्सिंग, फार्मसी, सायकॉलॉजी, बी.एड.-एम.एड.वाले. दहावीपर्यंतचं गणित येत असेल तर पुरतं, आठातून चार कसे निवडायचे हेसुद्धा ते परत शिकवतात. ज्यांना पुढच्या आठवड्यात टेबल्स सबमिट करायचीत त्यांनी जाऊ नका, इथे कोणी तुमचं ॲनालिसिस करून देत नाही, विचारलं तर सर नाही म्हणतात. ॲनोव्हा, रिग्रेशन यातलं काही नाही. चार रविवारात एकही बुडवू नका, रेकॉर्डिंग नसतं, दुसऱ्या रविवारी आजारी पडलेल्या एका मुलीला तिसऱ्या दिवशी काही लागलं नाही.

मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा काय स्क्वेअरसाठी कापला. पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे, तेव्हा आंबे नसतात म्हणून गुळाचा आणि साखरेचा चहा वापरणार आहेत, ओळखता येतं असं वाटणारं कोणी असेल तर पहिल्या दिवशी हात वर करा.